क्रम ठरलेला, वेळ ज्याची त्याची : वयात येणाऱ्या मुलांच्या शरीरवाढीविषयी



उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारात श्रामणेर शिबिर भरले होते. शिबिरातल्या मुलांशी आरोग्यावर बोलण्याचे काम हे पान चालवणाऱ्या आम्हा मंडळींकडे आले. चीवर घातलेली, डोक्याचे मुंडण केलेली, बारा ते सोळा वयाची ही मुले. दात, नखे, पिण्याचे पाणी या विषयांवर ती मोकळेपणाने बोलली. “अंगात काही बदल जाणवतात का?” असे विचारले तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना खाली गेल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा दाराशी ठेवला. ज्याला जे विचारायचे ते चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठीवर नाव घालू नका, असे सांगितले. संध्याकाळपर्यंत डबा भरला.

“वर्गात सगळ्यांना मिशी आली, मलाच नाही. माझ्यात काही कमी आहे का?” “छातीत गाठ आली आहे, कॅन्सर असेल का?” “उंची वाढवायची पावडर खरी असते का?” “रात्री चड्डी ओली होते. माझे शील मोडले का?” “एक गोटी खाली लोंबते, एक वर आहे.” आणि एका चिठ्ठीवर एवढेच होते : “खाली दुखते, पण घरी सांगता येत नाही.”

या चिठ्ठ्यांची उत्तरे आम्ही मुलांना तिथे दिलीच. पण असे प्रश्न प्रत्येक वस्तीत, प्रत्येक घरात आहेत, म्हणून ती इथे सविस्तर मांडत आहोत. आरोग्याच्या पानावर असले विषय कशाला, असे कोणाला वाटेल. त्यांना एक जुनी गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारावेत आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळावे, ही बाजू बाबासाहेबांनी त्या काळात न्यायालयात मांडली. तेव्हा आपल्या मुलांच्या चिठ्ठ्यांना उत्तर देताना आपण संकोच करण्याचे कारण नाही.

बदल सुरू कुठून होतात?

कारणाशिवाय कार्य नाही, हे आपण धम्मवर्गात शिकतो. वयात येण्याचेही तसेच आहे. या बदलांची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग असतो. लहानपणी तो या बाबतीत जवळजवळ गप्प असतो. ठराविक वेळ आली की तो थोड्या थोड्या वेळाने, आणि आधी विशेषतः रात्री झोपेत, एक संप्रेरक सोडू लागतो. त्यामुळे शेजारची पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि तिची संप्रेरके रक्तातून वृषणांपर्यंत, म्हणजे बोलीत ज्यांना गोट्या म्हणतात तिथपर्यंत, पोचतात. वृषण मग दोन कामे हाती घेतात : टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक बनवणे आणि पुढे शुक्राणू बनवणे. मिशी, आवाज, स्नायू, पुटकुळ्या, घामाचा बदललेला वास, या सगळ्यामागे मुख्यतः हीच साखळी आहे.

म्हणजे या बदलांत मुलाच्या इच्छेचा, वागण्याचा किंवा चारित्र्याचा भाग नाही. मिशी लवकर आली म्हणून कोणी जास्त मर्द होत नाही, उशिरा आली म्हणून कोणी कमी ठरत नाही.

क्रम कसा असतो?

मुलींमध्ये पाळी येणे ही एक ठळक खूण असते. घरात त्याची चर्चा होते, निदान आई तरी बोलते. मुलाच्या बाबतीत पहिली खूण कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण ती मिशी नसते. सगळ्यांत आधी वृषण मोठे होऊ लागतात आणि त्यांच्या पिशवीची कातडी पातळ व थोडी गडद होते. हे साधारणपणे ९ ते १४ या वयात कधीही सुरू होते. बहुतेकांच्या बाबतीत ११ ते १२ च्या सुमारास.

त्यानंतर शिश्नाच्या मुळाशी विरळ केस येतात. सुमारे वर्षभराने शिश्न आधी लांबीने आणि नंतर जाडीने वाढते. मग उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो, काखेत केस येतात. ओठांवरची लव काळी होते ती यानंतर, आणि भरघोस दाढी तर पुष्कळांना विशी गाठल्यावरच येते. म्हणजे ज्या मिशीवरून मुले स्वतःला जोखतात, ती या रांगेत जवळजवळ शेवटी उभी असते.

हा क्रम नीट नोंदवला तो ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांचे सहकारी मार्शल यांनी. इंग्लंडमधल्या हार्पेंडन इथल्या एका बालगृहातल्या मुलांची वाढ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आणि १९७० साली मुलांविषयीचे निष्कर्ष मांडले. वाढीचे त्यांनी पाडलेले पाच टप्पे आजही जगभरचे डॉक्टर वापरतात. त्यांना दिसले ते असे, की बदलांचा क्रम बहुतेक मुलांत सारखाच असतो, पण सुरुवातीचे वय आणि वेग यांत फार मोठा फरक असतो. काही मुलांनी दोन वर्षांच्या आत सगळी मजल मारली, तर काहींना साडेचार-पाच वर्षे लागली. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर एक मुलगा अजून लहान दिसतो आणि शेजारचा दाढी करण्याइतका मोठा. दोघेही निरोगी असू शकतात.

ज्या चिठ्ठीत मिशीचा प्रश्न होता, त्याला आमचे उत्तर हेच होते : तुझी रांग तुझ्या वेळेने पुढे सरकते आहे. घरी विचारून बघ, बाबांना किंवा मामाला मिशी कधी आली होती. उशिरा वयात येणे हे बहुतेकदा घराण्यातच असते.

‘एक वर, एक खाली’ याचे उत्तरही सोपे आहे. दोन वृषण एकाच पातळीवर नसतात. बहुतेकांचा डावा थोडा खाली असतो. तेच नेहमीचे आहे.

उंची आणि पावडरचे डबे

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. मुलांच्या वाढीला सर्वाधिक वेग येतो तो १३ ते १४ च्या सुमारास, तेव्हा वर्षाला ९ ते १० सेंटीमीटर उंची वाढू शकते. मुलींचा हाच वेग सुमारे दोन वर्षे आधी येतो. म्हणून सहावी-सातवीत बहीण भावापेक्षा उंच दिसते आणि नववी-दहावीत चित्र पालटते.

वाढही सगळ्या अंगाची एकदम होत नाही. आधी पावले आणि हात, मग पाय, शेवटी धड. जूनमध्ये घेतलेली चप्पल दिवाळीत तोकडी पडते ती यामुळेच. या काळात मुलगा ठेचकाळतो, हातातला पेला पडतो. त्याला “वेंधळा” म्हणून बोल लावू नये. हातापायांची नवी लांबी सवयीची व्हायला वेळ लागतो.

उंची किती होईल याचा एक ढोबळ अंदाज करता येतो. वडिलांची आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये मांडून बेरीज करायची, त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचे. वडील १६५ आणि आई १५२ असेल तर मुलाचा अंदाज १६५ येतो. त्यात सात-आठ सेंटीमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात. आपल्या समाजात या हिशेबाला एक जोड द्यावी लागते. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली पिढी आपल्या घरातच आहे. ज्या आईबापांना किंवा आजी-आजोबांना वाढीच्या वयात पोटभर मिळाले नाही, त्यांची उंची त्यांच्या अंगभूत क्षमतेइतकी झालेली नसते. अशा घरातल्या मुलाला नीट खायला मिळाले तर तो हिशेबाच्या पुढे जातो.

हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथे उंची वाढते. वाढ संपत आली की या पट्ट्यांचे हाड होते आणि त्या मिटतात. मिटलेली पट्टी कोणतीही पावडर, गोळी, तेल किंवा बारला लटकणे पुन्हा उघडू शकत नाही. आणि पट्टी उघडी असताना जे लागते ते अन्न, झोप आणि निरोगी शरीर. ते डब्यात विकत मिळत नाही. उंची वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा आपल्या देशात गुन्हा आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे आणि त्याच्या यादीत ‘उंची’ नावानिशी नोंदलेली आहे.

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना आणखी एक सांगणे. शरीर लवकर फुगावे म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर त्यात स्टेरॉइड असू शकते. बाहेरून पुरुष संप्रेरक आले की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. वृषण आकसतात, शुक्राणू बनणे कमी होते आणि हाडांच्या पट्ट्या वेळेआधी मिटू शकतात. जोर, बैठका, कबड्डी, पोहणे यांनी मात्र वाढ खुंटत नाही.

छातीतली गाठ, फुटलेला आवाज, पुटकुळ्या

छातीत गाठ आली म्हणून घाबरलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ बोललो. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांच्या स्तनाग्राखाली छोटी, दाबल्यावर दुखणारी गाठ येते. कधी एका बाजूला, कधी दोन्ही. शरीरातल्या संप्रेरकांचा तोल काही काळ मागे-पुढे होतो, त्याचा हा परिणाम. बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. ती दाबत राहू नये, शेकू नये. दोन वर्षांनंतरही राहिली, फार मोठी झाली किंवा त्यातून स्राव आला तर डॉक्टरांना दाखवावी. यावरून मुलाला चिडवणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. काही मुले यापायी उन्हाळ्यातही दोन-दोन बनियन घालतात, पोहायला जाणे सोडतात.

स्वरयंत्र वाढते आणि गळ्यावर कंठमणी दिसू लागतो. स्वरतंतू लांब व जाड होतात, म्हणून बोलता बोलता आवाज चिरकतो. काही महिन्यांत तो बसतो. वंदना म्हणताना आवाज फुटला म्हणून गप्प बसलेल्या मुलाला पुन्हा म्हणायला लावावे, पण हसून नव्हे.

चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त काम करू लागल्याने येतात. दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुवावे, पुटकुळ्या फोडू नयेत. दुकानदाराने दिलेले ‘गोरे करणारे’ मलम लावू नये. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते आणि त्याने चेहऱ्याची कातडी कायमची खराब होते. पुटकुळ्या मोठ्या व दुखऱ्या असतील, खड्डे पडत असतील तर त्यावर चांगली औषधे आहेत, ती त्वचेच्या डॉक्टरांकडून घ्यावीत.

अंघोळीच्या वेळी शिश्नाची पुढची कातडी जेवढी सहज मागे जाते तेवढीच मागे घेऊन पाण्याने धुवावे आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. जोर लावू नये. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि सूज आली तर लगेच रुग्णालयात जावे.

रात्री चड्डी ओली होणे

वृषण कामाला लागले की वीर्य तयार होते आणि झोपेत ते कधी कधी बाहेर पडते. पहिल्यांदा हे साधारण १३ ते १४ च्या सुमारास होते. कोणाला महिन्यातून अनेकदा, कोणाला कधीच नाही. दोन्ही ठीक. शिश्नाला अवेळी ताठरता येणे, अगदी वर्गात किंवा बसमध्ये, हेही या वयात आपोआप होते.

आपल्या भाषेत याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात. शब्दातच दोष घातला आहे. शील मोडले का, असे विचारणाऱ्या त्या मुलाला आम्ही विनयपिटकातला दाखला दिला. भिक्खूने जाणूनबुजून वीर्यपतन करू नये, हा संघादिसेस प्रकारातला पहिलाच नियम आहे. पण त्याच नियमात स्वप्नात होणारे पतन स्पष्टपणे वगळलेले आहे, कारण तिथे हेतू नसतो. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूसाठीही जो अपराध मानला गेला नाही, तो तेरा वर्षांच्या मुलाने मनाला का लावून घ्यावा?

हस्तमैथुनाविषयीही चिठ्ठ्या होत्या. शिबिरात दहा शीले घेतलेली असतात, तेवढे दिवस संयम पाळायचा, हा शिबिराचा नियम. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, गाल बसत नाहीत, स्मरणशक्ती जात नाही, शिश्न वाकडे होत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य सुमारे दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याएवढे असते. ते रक्तापासून आटून बनत नाही. वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा तो स्राव आहे, त्यात वृषणांतून आलेले शुक्राणू मिसळलेले असतात. शरीर ते सतत नव्याने बनवत असते. एकांतात, स्वच्छता राखून, अभ्यास-खेळ-झोप न बिघडवता असेल तर त्यात भिण्यासारखे काही नाही.

‘धात जाते म्हणून शरीर खंगते’ ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे की त्या भीतीने आजारी पडणाऱ्यांसाठी डॉ. न. ना. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नावच दिले. यात वीर्य जाण्याने काही होत नसते, भीतीने झोप उडते, भूक मरते आणि माणूस खरोखर खंगतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या, रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’ जाहिराती याच भीतीवर चालतात. मुलाने शिष्यवृत्तीचे पैसे तंबूतल्या वैदूला दिले आणि घरी चोरीला गेले म्हणून सांगितले, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. बुवाबाजी फक्त देवळात नसते, ती अशा तंबूंतही असते.

वाढीच्या वयातले ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि १६ ते १८ वयात सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. म्हणजे मुलाची उंची आणि भूक सर्वांत वेगाने वाढत असतानाच, नववीत गेल्यावर, तो थांबतो. ती भर घरी घालावी लागते.

त्यासाठी महागडे काही लागत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यांत त्याहून थोडी जास्त. मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, पिठले-भाकरी, घट्ट वरण, जमेल तेव्हा दूध. आणि सुकट, बोंबील, काळीज, वजडी हे आपल्या घरातले पदार्थ प्रथिनांनी व लोहाने भरलेले आहेत. ज्यांनी आपल्या ताटाला नाक मुरडले, त्यांच्यामुळे आपण ते लपवून खाऊ लागलो किंवा सोडून दिले. वाढत्या मुलासाठी ते उत्तम अन्न आहे. जेवणावर लिंबू पिळले तर डाळी-पालेभाज्यांतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते.

रक्तक्षय हा मुलींचाच त्रास समजला जातो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलांपैकी ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. शाळेत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. ती मुलांनीही, जेवण झाल्यावर, घ्यावी. जंताची गोळी चुकवू नये.

वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत जास्त सुटते, म्हणून आठ ते दहा तास झोप हवी आणि उशाशी मोबाइल नको. खर्रा, गुटखा, तंबाखूची पुडी यांची सवय नेमकी याच वयात लागते. भूक मारून ताटातले अन्न सोडायला लावणारी ही पुडी वाढत्या शरीराचे दुहेरी नुकसान करते.

सिकलसेल : आपल्या घरांनी विसरू नये अशी गोष्ट

विदर्भात, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेलचा आजार आदिवासी समाजांत आहे तसा आपल्याही समाजात आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर मुलाला आजार होऊ शकतो. नुसत्या वाहक मुलाची वाढ नेहमीसारखीच होते. पण आजार असलेल्या मुलाची उंची-वजन मागे राहते आणि वयात येणे वर्ष-दोन वर्षे लांबू शकते. अशा मुलाला कोणी “वाढ खुंटलेला” म्हटले तर त्याला सांगावे, की उशीर होईल, पण बहुतेकांची वाढ पूर्ण होते.

या मुलांना आणखी एक त्रास होऊ शकतो आणि त्याबद्दल लाजेने कोणी बोलत नाही. शिश्नाला दुखरी ताठरता येते आणि ती उतरतच नाही, कारण वाकड्या झालेल्या रक्तपेशी तिथे अडकून पडतात. चार तासांच्या वर ती राहिली तर कायमचे नुकसान होऊ शकते. मुलाने न लाजता सांगावे आणि घरच्यांनी लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. असे थोड्या थोड्या वेळासाठी पुन्हा पुन्हा होत असेल तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. आजार असलेल्या मुलाने लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

ती शेवटची चिठ्ठी

“खाली दुखते, पण घरी सांगता येत नाही” ही चिठ्ठी कोणाची, ते आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या मुलांना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगितली. वृषण ज्या दोरीसारख्या नळीला लटकलेला असतो, तिला कधी कधी पीळ पडतो. रक्त पोचणे बंद होते. एकाएकी असह्य दुखते, मळमळते, उलटी होते, एक बाजू वर ओढली जाते आणि सुजते. हे १२ ते १८ या वयात जास्त होते, कधी झोपेतही. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेकदा वाचतो. रात्र काढली तर तो काढून टाकावा लागू शकतो. लाजेने मुले “पोटात दुखते” म्हणतात, घरचे ओवा देतात, आणि तास निघून जातात.

त्या दुपारी एक मुलगा भन्तेजींपाशी जाऊन बसला. त्याला दोन महिन्यांत तीनदा असे दुखून आपोआप थांबले होते. त्याच्या वडिलांना बोलावून त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. पीळ पडत होता आणि सुटत होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून दोन्ही वृषण टाके घालून जागेवर बसवले. मुलगा बरा आहे. त्याच्या आणि वडिलांच्या संमतीनेच हे इथे लिहिले आहे. वडील आम्हाला म्हणाले, “मी विचारले असते तर त्याने सांगितले असते. मीच कधी विचारले नाही.”

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये :

– वृषणात एकाएकी तीव्र वेदना किंवा सूज. त्याच क्षणी, रात्र असली तरी.
– पिशवीत एक किंवा दोन्ही वृषण हाताला न लागणे. हे तान्हेपणीच बघायचे असते, पण राहून गेले असेल तर आता दाखवावे.
– वृषणात न दुखणारा कठीण गोळा.
– ९ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे.
– १४ पूर्ण झाली तरी वृषण वाढायला सुरुवात नाही.
– सुरू झालेली वाढ मध्येच थांबणे, किंवा वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षाही कमी उंची वाढणे.

उशिराबद्दल डॉक्टर सहसा वजन-उंची मोजतात, घराण्याची माहिती विचारतात, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात आणि गरजेप्रमाणे रक्त तपासतात. बहुतेकदा ‘थांबा, होईल’ असेच उत्तर मिळते. पण ते उत्तर तपासून मिळालेले असावे.

महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते. तिथे समुपदेशक असतात आणि सल्ला मोफत मिळतो. आपल्याला मैत्री हा शब्द नवा नाही. त्या दाराने आत जायला मुलांना संकोच वाटू नये.

घरातल्या मोठ्यांना

मुलाशी हे कोण बोलणार? बाबा, काका, मामा, मोठा भाऊ, विहारातले आचार्य, कोणीही. घरात पुरुष माणूस नसेल तर आईने बोलावे, त्यात काही वावगे नाही. दहाव्या-अकराव्या वर्षीच बोलावे, बदल सुरू होण्याआधी. समोर बसवून भाषण देऊ नये. सायकल दुरुस्त करताना, शेतात जाताना, भांडी घासताना बोलणे सोपे जाते. सुरुवात स्वतःपासून करावी : “माझा आवाज फुटला तेव्हा मला सगळे हसत होते.”

दोन गोष्टी त्यात जरूर याव्यात. एक, कोणाविषयी आकर्षण वाटणे नैसर्गिक आहे, पण समोरच्या व्यक्तीची इच्छा नसताना बोलणे, पाठलाग करणे, हात लावणे हे शीलाचा आणि कायद्याचा भंग आहे. दोन, मुलांवरही अत्याचार होतात. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. कोणी नकोसा स्पर्श केला तर तो मुलाचा दोष नाही. त्याने घरी सांगावे, नाहीतर १०९८ या क्रमांकावर फोन करावा.

कायानुपस्सनेत केस, लोम, नखे, दात, त्वचा असे एकेक अंग शांतपणे, न किळसता आणि न भाळता, जसे आहे तसे पाहायला सांगितले आहे. शिबिरात मुले ते पाठ करतात. घरी आल्यावर आपल्या बदलत्या शरीराकडेही त्यांना तसेच पाहता यावे. त्यासाठी घरात कोणीतरी एकदा तरी त्यांना विचारले पाहिजे.

आम्ही विहारातला तो डबा आता कायम ठेवला आहे. आपल्या विहारातही एक ठेवावा, आणि उत्तर न सापडणारी चिठ्ठी असेल तर ती या पानाकडे पाठवावी.